कारण : जिना

वहीत सात रकाने आहेत.
नाव, वर्ष, तारीख, अवयव, बाजू, कारण, सही.
सहाव्या रकान्यात
टेमुकोच्या या शारीरिक शिक्षण शाखेतली निम्मी मुलं
जिन्यावरून पडतात.

आमच्या इमारतीला जिना एकच,
अकरा पायऱ्यांचा, दोन्हीकडून कठडा.
सतरा वर्षं मी तो चढतो-उतरतो आहे,
एकदाही घसरलो नाही.

पण मुलांचंही बरोबर आहे.
‘मैदानावर’ असं लिहिलं
की पान प्राध्यापक ओव्हान्दोंच्या टेबलावर जातं,
सहा आठवडे प्रात्यक्षिक बंद,
सत्र बुडतं, मागोमाग शिष्यवृत्ती.
जिन्याला कुणी काही विचारत नाही.
इस्माएलचा खांदा तर दोनदा पडला जिन्यावरून,
दोन्ही वेळा केस ओले,
अंगाला तलावातल्या क्लोरिनचा वास.

जुलैतली गोष्ट. जुलै म्हणजे आमची थंडी.
ओल्या लाकडाचा धूर शहरावर बसलेला,
न्येलोलची टेकडी दुपारीच पुसून गेलेली.
रायेन कुरिकेओ दारात उभी राहिली,
एक पाय उसना आणल्यासारखा जरा लांब धरून.
म्हणाली, उद्या लाकडी घोड्यावरची उडी आहे.
टेप लावून द्या.
वहीत नको.

मी गुडघा हातात घेतला, नडगी पुढे ओढून पाहिली.
धड गुडघ्यात एक हद्द लागते,
दावं ताणल्यावर हाताला कळतं तशी.
इथे काहीच लागलं नाही.
तेल दिलेल्या खणासारखी
नडगी गुपचूप बाहेर आली.

ती छताकडे बघत होती.
‘बंधांची नावं पाठ आहेत मला,
शरीरशास्त्रात सातपैकी सहा पॉइंट आठ.’
मग हळूच :
‘समोरचाच ना?’

‘बहुतेक,’ मी म्हणालो.
आमच्या धंद्यातला सगळ्यांत भित्रा शब्द.

तिच्या गावच्या शाळेत
खेळाच्या तासाला गणित घेतात.
तिला तो तास परत मिळवायचा होता.
हे तिनं सांगितलं नव्हतं त्या दिवशी,
पहिल्या वर्षी कधीतरी, घोटा शेकताना बोलली होती.
मला नेमकं तेव्हाच आठवलं.

करडा टेप. दोन वेढे वर, दोन खाली, मध्ये फुली.
गुडघ्याला बाशिंग बांधून ती निघाली.
आणि अक्कल गुडघ्यात असते म्हणतात ना,
ती त्या संध्याकाळी तिच्या गुडघ्यात होती,
पण माझी.

दुसऱ्या दिवशी मी दाराशी उभा.
ती धावली. फळी वाजली.
हात घोड्यावर, कंबर वर,
आणि क्षणभर
हवेत तिचे दोन्ही पाय सारखेच होते.

उतरताना आवाज आला.
फांदी मोडल्यासारखा, असं लिहितात पुस्तकात.
तसा नव्हता.
बाटलीचं बूच निघावं तसा, अगदी घरगुती.

आणि ती उभी राहिली.
हात वर, हनुवटी वर,
कारण उडीचे गुण उभं राहण्याला असतात.
ओव्हान्दोंनी एक, दोन, तीन मोजलं,
गुण लिहिले, पुढचं नाव पुकारलं.
मग जेवायला बसतात तशी
ती सावकाश गादीवर बसली.

सरकारी इस्पितळाच्या यादीत तिचा नंबर
नोव्हेंबरात चारशेच्या आत आला.
त्या दिवशी ती कुबड्या घेऊन सहीसाठी आली.
विम्याच्या कागदाला वहीतली नोंद लागते.
मी तारीख मागची टाकली. अवयव : गुडघा. बाजू : डावी.
सहाव्या रकान्यापाशी पेन थांबलं.

‘जिना,’ ती म्हणाली. ‘लिहा ना.’
मी लिहिलं.
‘कितव्या पायरीवरून, तेही विचारतात आता.’
‘कितव्या?’
तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही.
‘बाराव्या.’

चुकून म्हणाली असेल.
कुबड्या जिन्याशी टेकवून
ती कठड्याला धरत एकेक पायरी उतरली,
आणि मी वर उभा राहून
मोजत होतो.